जुन्या वाहनांचा गंज आणि पुट्टीआडचा पत्रा : पुणे शहराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

जुन्या वाहनाचा पत्रा गंजतो तेव्हा त्याची दुरुस्ती दोन मार्गांनी होते. सडलेला भाग कापून तेथे नवा पत्रा जोडणे हा पहिला मार्ग, तर पुट्टी भरून त्यावर रंग देणे हा दुसरा. बाहेरून पाहता दोन्ही दुरुस्त्या सारख्याच दिसतात. हे बाह्य साम्य तंत्राच्या, बाजाराच्या आणि कायद्याच्या दृष्टीने कोणते प्रश्न निर्माण करते, याचा विचार प्रस्तुत लेखात पुणे शहराच्या संदर्भात केला आहे. पुट्टी हा पदार्थ सदोष नाही. तिच्याखाली काय आहे आणि ते सांगितले गेले आहे काय, यावर तिचे योग्यायोग्यत्व ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गंज, पुट्टी, डेंटिंग, जुनी वाहने, माहितीची विषमता, कपट, पुणे.

१. प्रस्तावना

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वयंचलित दुचाकींचे शहर बनले. आकुर्डी येथील बजाज ऑटो, पिंपरी येथील टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संशोधन संस्था यांमुळे वाहननिर्मितीच्या नकाशावर या परिसरास महत्त्वाचे स्थान मिळाले. निर्मितीच्या या इतिहासास समांतर असा दुरुस्तीचाही एक इतिहास आहे. नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने, मंगळवार पेठेतील जुना बाजार आणि पेठापेठांतून पसरलेली डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजे ही त्याची ठळक स्थळे होत.

वाहनाचे इंजिन बिघडले तर ते बोलते. पत्रा मात्र मुकाट्याने सडतो. त्याचा सडलेपणा झाकणे सोपे, स्वस्त आणि काही काळापुरते पूर्णतः यशस्वीही ठरते. परिणामी जुने वाहन विकत घेणाऱ्यास आपण पत्रा घेत आहोत की पुट्टी, हे व्यवहाराच्या वेळी समजत नाही. हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. ज्या वाहनाचे कवच हाच त्याचा सांगाडा असतो, तेथे तो सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

(अ) पत्र्यावरील गंजाची प्रक्रिया आणि तिचे स्थानिक संदर्भ स्पष्ट करणे.
(आ) पुट्टी या पदार्थाचे गुणधर्म व मर्यादा समजून घेणे.
(इ) लपवलेली पुट्टी ओळखण्याच्या आणि शास्त्रशुद्ध दुरुस्तीच्या पद्धतींचा परामर्श घेणे.
(ई) या व्यवहारातील आर्थिक व कायदेशीर बाजूंचा विचार करणे.

३. गंज : प्रक्रिया आणि परिसर

लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगातून सजल लोह ऑक्साइड, म्हणजेच गंज तयार होतो. ही विद्युत-रासायनिक प्रक्रिया आहे. पत्र्याच्या एकाच तुकड्यावर काही ठिकाणी लोखंड विरघळते, तर शेजारच्या ठिकाणी प्राणवायू वापरला जातो, आणि पाण्याचा पातळ थर या दोहोंमधील वाहकाचे काम करतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. त्यामुळे तो वाढताना रंगाला आतून उचलतो आणि रंगावर फोड येतात. असा फोड दिसतो तेव्हा आतील पत्रा बहुधा बराच खाल्ला गेलेला असतो. मोटारीच्या बाह्य कवचाचा पत्रा साधारणतः एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीचा असल्याने त्याला आरपार भोक पडण्यास फार काळ लागत नाही.

गंजाची सुरुवात बहुतेक वेळा दृष्टीआड होते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जेथे स्पॉट वेल्डिंग केलेले असते तेथील फटीत पाणी शिरते, परंतु वाळत नाही. दरवाजाच्या तळाशी पाणी निचरून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे धुळीने बुजली की दरवाजाचा तळ हौदासारखा भरून राहतो. चाकांवरील कमानी, दरवाजाखालील पोकळ पट्टी, बॅटरीखालचा पत्रा, पुढील काचेची चौकट आणि रबरी मॅटखालचा फ्लोअर ही गंजाची ठरलेली ठिकाणे आहेत.

पुण्याचे वार्षिक पर्जन्यमान साधारणतः ७०० मिलिमीटरच्या पुढे असले तरी त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात हवेतील आर्द्रता दीर्घकाळ उच्च राहते आणि पोकळ भागांत साचलेल्या ओलाव्यास सुकण्याची संधी मिळत नाही. तरीही कोकणाच्या तुलनेत पुण्याची हवा पत्र्याला मानवते. समुद्राकाठच्या हवेतील क्षारांमुळे कमी आर्द्रतेतही गंज सुरू होतो आणि त्याचा वेग वाढतो. म्हणूनच पुण्याच्या बाजारात आलेल्या वाहनाचा क्रमांक एमएच-०६ किंवा एमएच-०८ या रायगड वा रत्नागिरीच्या मालिकेतील असेल, तर त्याचा तळ अधिक काळजीने पाहणे इष्ट ठरते.

याखेरीज पुराचा संदर्भही लक्षात घ्यावा लागतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात दक्षिण पुण्यातील वाहने मोठ्या संख्येने वाहून गेली अथवा बुडाली. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरातही वाहने पाण्याखाली गेली. पुरातून वाचलेल्या वाहनाच्या आसनांची आणि यंत्रांची सफाई होते, परंतु पोकळ भागांत शिरलेला गाळ तेथेच राहतो. तो ओलावा धरून ठेवतो आणि त्याचे परिणाम काही वर्षांनी पुढील मालकाच्या पदरी पडतात.

४. कवच हाच सांगाडा : बजाज स्कूटरचे उदाहरण

पत्र्याचे महत्त्व समजण्यासाठी पुण्याच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे बजाज स्कूटर. इटलीतील वेस्पा ही स्कूटर १९४६ मध्ये बाजारात आली. तिचे रचनाकार कोराडिनो दास्कानिओ हे विमान अभियंता होते. विमानाच्या धर्तीवर त्यांनी स्वतंत्र सांगाड्याऐवजी दाबून आकार दिलेल्या पत्र्याचे भार पेलणारे कवच वापरले. वेस्पाच्या तांत्रिक सहकार्याने बजाजने १९६० च्या दशकारंभी भारतात स्कूटरनिर्मिती सुरू केली. सहकार्याचा करार संपल्यानंतर १९७२ मध्ये 'चेतक' आली आणि पुढेही अनेक वर्षे ही रचना टिकून राहिली.

या रचनेत पाय ठेवण्याची जागा म्हणजे केवळ पायदान नव्हे. पुढील व मागील भागांना जोडणारा तो दुवाच होय. तेथील रबरी पट्ट्यांखाली पाणी व माती साचते आणि खालच्या बाजूने जोडलेल्या पोकळ तुळईत गंज वाढतो. वरून पुट्टी भरून रंगवलेली स्कूटर दिसायला नवी वाटते, परंतु स्वाराचे वजन आणि रस्त्यावरील खड्ड्यांचा धक्का सोसण्याची ताकद पुट्टीत नसते. प्रीमियर पद्मिनी व अँबॅसेडर या मोटारींचे कवचही असेच भार पेलणारे आहे. त्यांच्या दरवाजाखालील पोकळ पट्ट्या, फ्लोअर आणि सस्पेन्शनचे आधार सडले तर दार नीट न लागण्यापासून अपघातात केबिन चेपण्यापर्यंतचे परिणाम संभवतात.

५. पुट्टी : गुणधर्म आणि मर्यादा

गॅरेजमध्ये सर्वसाधारणपणे दोन प्रकारची पुट्टी वापरली जाते. नायट्रोसेल्युलोजवर आधारित एन.सी. पुट्टी ही बारीक ओरखडे व सूक्ष्म छिद्रे भरण्यासाठी असते. ती द्रावक उडून जाऊन वाळते आणि जाड थर दिल्यास आकसते. खळगे भरण्यासाठी वापरली जाणारी पॉलिपुट्टी ही पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची भुकटी यांचे मिश्रण असते. त्यात अल्प प्रमाणात हार्डनर मिसळताच रासायनिक अभिक्रिया सुरू होऊन काही मिनिटांतच ती कठीण होते.

पॉलिएस्टर पुट्टीचा प्रसार १९५० च्या दशकापासून झाला. त्यापूर्वी पत्र्यातील खोलगट भाग शिसे व कथील यांच्या मिश्रधातूच्या डाखाने भरले जात. येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कल्हईवाला भांडे आधी नवसागराने उजळून घेतो, कारण मळलेल्या तांब्यावर कथील धरत नाही. मोटारीच्या डाखाचेही तसेच होते. पत्रा स्वच्छ व निरोगी नसेल तर डाख बसतच नसे. म्हणजे त्या काळी साहित्यच कारागिराकडून पूर्वतयारी करवून घेत असे. पॉलिपुट्टी मात्र गंजावर, जुन्या रंगावर, तारेच्या जाळीवर, इतकेच काय, भोकात कोंबलेल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यावरही तात्पुरती चिकटते. साहित्याने घातलेले बंधन सुटले आणि ते पाळण्याची जबाबदारी सर्वस्वी माणसाच्या सचोटीवर आली.

पुट्टीच्या मर्यादा पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिली, तिला ताण सोसण्याची ताकद जवळजवळ नसते. तिचा थर साधारण तीन मिलिमीटरपेक्षा जाड असू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. दुसरी, उन्हाने तापल्यावर ती पत्र्यापेक्षा अधिक प्रसरण पावते, त्यामुळे जाड थराच्या कडा कालांतराने तडकतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे ती पाणी शोषून घेते. अनेक गॅरेजांत पॉलिपुट्टी वॉटर पेपरने पाणी मारून घासली जाते. कोरडी धूळ उडत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो, हा त्यातील लाभ. तथापि शोषलेले पाणी रंगाखाली कोंडले जाऊन पत्र्याला आतून गंजवू लागते. यास्तव पॉलिपुट्टी कोरडीच घासणे योग्य होय. मात्र ती भुकटी श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून कारागिराने मुखपट्टी वापरणे अत्यावश्यक आहे. टू-के रंगाच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दम्याचा विकार जडू शकतो, त्यामुळे रंगकामाच्या वेळी साध्या रुमालाने भागत नाही.

६. दडलेली पुट्टी ओळखण्याच्या पद्धती

माठ विकत घेताना तो टिचकीने वाजवून पाहण्याची रीत घरोघरी परिचित आहे. भाजलेला, निर्दोष माठ खणखणीत वाजतो, तडकलेला बद्द आवाज देतो. पत्र्याची पहिली परीक्षा हीच. बोटाच्या पेराने ओळीने वाजवत गेल्यास जाड पुट्टीच्या जागी आवाज बद्द होतो. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. रंगावर चरा पडू नये म्हणून पातळ कापडात गुंडाळलेले लहान चुंबक पत्र्यावरून फिरवले असता, जेथे पुट्टी जाड आहे तेथे त्याची पकड सुटते. फायबर अथवा ॲल्युमिनियमच्या भागांवर ही परीक्षा अर्थातच लागू पडत नाही.

याच तत्त्वाचे सुधारित रूप म्हणजे रंगाची जाडी मोजणारे विद्युत उपकरण. कारखान्यातील रंगाची एकूण जाडी सामान्यतः १०० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असते. पुन्हा रंगवलेल्या भागावर ती वाढते आणि पुट्टी असल्यास हजार मायक्रॉनच्याही पुढे जाते. एखाद्या ठिकाणच्या आकड्यापेक्षा वाहनाच्या डाव्या व उजव्या अंगांतील तफावत अधिक बोलकी असते.

उपकरणाविना करता येणारे निरीक्षणही मोलाचे आहे. तिरप्या उजेडात पाहिल्यास पुट्टीचा भाग किंचित लहरदार दिसतो. रबरी पट्ट्या व काचेच्या कडांवर रंगाचे कण आढळतात. दरवाजाच्या कडेवरील मूळ वेल्डिंगचे गोल ठसे नाहीसे झालेले असतात. सर्वांत विश्वसनीय पुरावा मात्र आतल्या बाजूस मिळतो. मॅट उचलून, डिकीतील आच्छादन काढून आणि वाहन रॅम्पवर चढवून खालून पाहिले असता बाहेरची गुळगुळीत त्वचा आणि आतील खवले यांतील विसंगती लपत नाही. खालील बाजूस नुकताच काळा डांबरी लेप दिलेला आढळल्यास तो संरक्षणासाठी आहे की झाकण्यासाठी, हे विचारलेच पाहिजे.

७. शास्त्रशुद्ध दुरुस्तीचे टप्पे

गंज वरवरचा असेल, म्हणजे पत्र्याची जाडी शाबूत असेल, तर रंग काढून, तारेच्या ब्रशने वा ग्राइंडरने घासून आणि उरलेल्या गंजावर रासायनिक प्रक्रिया करून काम भागते. फॉस्फोरिक आम्ल गंजाचे रूपांतर लोह फॉस्फेटमध्ये करते, तर टॅनिनयुक्त द्रव्ये काळसर लोह टॅनेट तयार करतात. विळीच्या लोखंडी पात्यावर चिरलेला आवळा काळा पडतो, तो याच स्वरूपाच्या अभिक्रियेमुळे. मात्र ही द्रव्ये गेलेला पत्रा परत आणत नाहीत. टोचणीने दाबल्यावर जो पत्रा दबतो वा फुटतो, त्याला औषध नाही. तो कापावाच लागतो.

कापताना केवळ भोकाची कड न पाहता पूर्ण जाडीचा, चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जावे लागते. त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा बेतून कडेला कड भिडवून जोडणे उत्तम. एकावर एक चढवून केलेल्या जोडात फट राहते आणि गंजाला नवे घर मिळते. बारीक पत्रा उष्णतेने वाकडा होतो, म्हणून सलग शिवण न घालता अंतराअंतरावर टाके देत आणि मध्ये थंड होऊ देत जोड पूर्ण करतात. त्या दृष्टीने गॅस वेल्डिंगपेक्षा उष्णता मर्यादित जागी ठेवणारे सीओटू वेल्डिंग सोयीचे ठरते. त्यानंतर हातोडी व डॉलीच्या साहाय्याने पत्रा समतल केला जातो. कुशल डेंटरचे कौशल्य येथे दिसते : त्याचा हात जितका चांगला, तितकी पुट्टी कमी.

पुढे एपॉक्सी प्रायमर, आवश्यक तेवढाच पुट्टीचा पातळ थर, पुन्हा प्रायमर आणि अखेरीस रंग असा क्रम असतो. जोडांच्या फटी सीलरने बंद केल्या जातात. पोकळ भागांत मेण अथवा गंजरोधक तेल फवारून निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवली नाहीत, तर बाहेरून निर्दोष दिसणारे काम आतून पुन्हा सडू लागते.

८. बाजाराचे अर्थशास्त्र

चांगले तंत्र उपलब्ध असताना वाईट पद्धत का टिकून राहते, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते. विक्रेत्यास वाहनाची खरी स्थिती ठाऊक असते, खरेदीदारास नसते. त्यामुळे खरेदीदार सर्वच वाहनांना सरासरी किंमत देऊ पाहतो. त्या किमतीत चांगल्या वाहनाच्या मालकास विक्री परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि सदोष वाहनांचे प्रमाण वाढत जाते. माहितीच्या विषमतेवरील या कार्यासाठी ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हाच तर्क दुरुस्तीस लावून पाहता येतो. पत्रा कापून जोडण्यास दिवस लागतात, पुट्टीस तास पुरतात. रंग चढल्यावर दोहोंतील भेद ग्राहकास दिसत नसेल, तर जास्त दाम कशाचे, असा प्रश्न तो विचारतो. अशा वेळी प्रामाणिक डेंटर महागडा ठरतो. वाहन विकण्यापूर्वी 'फक्त दिसायला नीट करा' असे सांगणारा मालकही या साखळीचा भाग असतो. सारा दोष कारागिराच्या माथी मारणे म्हणूनच न्याय्य नव्हे.

९. कायद्याची बाजू

वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मागे खरेदीदाराने सावध राहावे हे जुने तत्त्व आहे. त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असावा, अशी गर्भित अट कायदा मानतो. परंतु खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष उघड व्हायला हवे होते, त्यांबाबत ही अट राहत नाही. वर वर्णिलेल्या परीक्षांना त्यामुळे व्यावहारिक मूल्याबरोबरच कायदेशीर मूल्यही येते.

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ चे कलम १७ याहून अधिक सूक्ष्म भेद करते. एखाद्या वस्तुस्थितीबाबत केवळ मौन बाळगणे हे सर्वसाधारणपणे कपट ठरत नाही, परंतु ठाऊक असलेली वस्तुस्थिती फसवणुकीच्या उद्देशाने सक्रियपणे लपवणे हे कपट होय. या दृष्टीने पाहता गंजाविषयी न बोलणे आणि गंजावर पुट्टी भरून रंग देणे या दोन भिन्न कोटीतील कृती ठरतात. दुसऱ्या कृतीत मौनाला हाताची जोड मिळालेली असते. फसवणुकीचा हेतू सिद्ध करणे हे मात्र सोपे नाही, आणि पुट्टी आधीच्या मालकाच्या काळातील असेल तर अधिकच अवघड.

खाजगी वाहनाची नोंदणी मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार पंधरा वर्षांसाठी असते आणि पुढे पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करता येते. जुन्या वाहनाचा पत्रा टिकवण्याचा प्रश्न या टप्प्यावर अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. २०२१ च्या नियमदुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या व मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय दिली. येथे दुरुस्तीचा प्रामाणिकपणा वारसाजतनाशी जोडला जातो. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या जतनाबाबत असे तत्त्व मांडले की, नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी सुसंगत असावा, परंतु मूळ भागापासून ओळखता यावा. वाहनांच्या बाबतीत रंगाखालचा जोड दिसणार नाही, पण त्याची नोंद नक्कीच ठेवता येईल.

१०. निष्कर्ष

१. निरोगी पत्र्यावरील पातळ पुट्टी ही दुरुस्तीची अखेरची पायरी असते. सडलेल्या पत्र्यावरील जाड पुट्टी ही दुरुस्तीच नव्हे.
२. भार पेलणाऱ्या कवचाच्या वाहनांत गंज हा सौंदर्याचा नव्हे, तर सुरक्षिततेचा विषय आहे.
३. टिचकी, चुंबक आणि आतील बाजूचे निरीक्षण या अल्पखर्चाच्या परीक्षा बहुतांश लपवाछपवी उघड करू शकतात.
४. रंग काढल्यानंतरची, पत्रा जोडल्यानंतरची आणि प्रायमर दिल्यानंतरची छायाचित्रे वाहनाच्या कागदपत्रांसोबत ठेवल्यास माहितीची विषमता कमी होते आणि चांगल्या कामास त्याचे मोल मिळू शकते.
५. वाहन अभियांत्रिकीच्या व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना पत्राकामाबरोबर नोंदलेखनाचे व श्वसनसुरक्षेचे प्रशिक्षण देणे उपयुक्त ठरेल.

समारोप

भोकात कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा गाडी विकणाऱ्याला, रंगवणाऱ्याला आणि कदाचित आधीच्या मालकालाही ठाऊक असतो. ठाऊक नसतो तो केवळ त्या गाडीत कुटुंब बसवणाऱ्याला. मोबाईलवर टिपलेली तीन छायाचित्रे आणि बिलावर 'पत्रा बदलला' किंवा 'पुट्टी भरली' एवढी एक ओळ, यांसाठी नवे तंत्र लागत नाही की नवा कायदा. आपण काय झाकले, हे सांगण्याची तयारी मात्र लागते.